तळाची ओळ

माझा एक मित्र जुने फिल्म कॅमेरे दुरुस्त करायचा आणि त्याविषयी स्वतःच्या संकेतस्थळावर लिहायचा. शटरचं पातं नेमकं कुठे अडकतं, भिंगाच्या आत बुरशी धरली की तिचे पांढरे तंतू कडेकडून मध्याकडे कसे सरकतात, कुठला स्क्रू उलटा फिरतो, असलं सगळं. तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. अलीकडे एका लेखासाठी मला त्याचा बुरशीवरचा एक परिच्छेद हवा होता, सोबतचं छायाचित्रही. म्हणून बऱ्याच काळानंतर त्या पानावर गेलो. सगळं जिथल्या तिथे होतं. तीच पिवळट पार्श्वभूमी, तेच किंचित जास्त मोठे फोटो, मधूनच वाचकाला दटावणारी तीच भाषा. वाचत वाचत पार तळाशी पोचलो. तिथे करड्या, बारीक अक्षरांत एक ओळ होती: वर्तुळातला सी, म्हणजे कॉपीराइटची खूण, साल, त्याचं नाव आणि 'सर्व हक्क राखीव'. साल यंदाचं होतं.

मी चमकलोच. क्षणभर वाटलं, घरातलं कुणीतरी दर जानेवारीत आठवणीने येऊन हा आकडा बदलत असणार. मग पानाचा सोर्स उघडून पाहिला. घरातलं कुणी नव्हतं, एका ओळीची जावास्क्रिप्ट होती. पान उघडलं की ती आजची तारीख विचारते आणि त्यातलं साल काढून तिथे चिकटवते. तारीख विचारते ती वाचणाऱ्याच्याच संगणकाला. म्हणजे यंदाचं साल मित्राने लिहिलं नव्हतं, ते माझ्याच यंत्राने मला सांगितलं होतं. चाळा म्हणून ते पान उतरवून घेतलं, संगणकाचं घड्याळ २०८७ वर नेलं आणि पान पुन्हा उघडलं. पानाने मुकाट्याने २०८७ दाखवलं. सर्व हक्क राखीव होतेच.

हसू आलं, आणि थोडं विचित्रही वाटलं. त्या ओळीतलं साल असतं ते पहिल्यांदा प्रसिद्ध केल्याचं. हा मजकूर जगासमोर कधी आला, एवढंच त्याने सांगायचं. दुकानाच्या परवान्यासारखं दरवर्षी नूतनीकरण त्याला लागत नाही. तरी हजारो संकेतस्थळांवर हा आकडा एक जानेवारीला आपोआप पुढे सरकतो, कारण साल जुनं दिसलं तर जागा ओसाड पडल्यासारखी वाटेल, ही भीती. गंमत अशी की एके काळी अमेरिकेत हीच हुशारी अंगाशी आली असती. १९७८ ते १९८९ या काळातल्या तिथल्या नियमाप्रमाणे, कॉपीराइटच्या सूचनेतलं, म्हणजे अशा ओळीतलं, साल प्रत्यक्ष प्रकाशनाच्या पुढे एका वर्षाहून जास्त गेलेलं असेल, तर कामावर सूचना छापलीच नव्हती असं धरलं जाई. माझ्या मित्राचा हा चिरतरुण आकडा तेव्हा त्याच्या हक्काच्या मुळावरच आला असता.

तेव्हा ही ओळ म्हणजे खरोखरच जीवनमरणाचा प्रश्न होती. १९६८ साली जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा चित्रपट आला. त्याचं आधीचं नाव होतं 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स', आणि त्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची सूचना होती. वितरकाने ऐनवेळी नाव बदललं, नवी पाटी केली, आणि त्या पाटीवर ती एक ओळ टाकायची राहून गेली. तेव्हा अमेरिकेत १९०९ चा कायदा चालू होता आणि तो सूचनेच्या बाबतीत दयामाया दाखवत नसे. ओळ नाही म्हणजे हक्क नाही. चित्रपट पहिल्या दिवसापासून सार्वजनिक मालकीचा झाला. ज्याला वाटेल त्याने तो दाखवला, विकला, आणि बनवणाऱ्यांच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही. मृतदेह उठून चालायला लागतात ती गोष्ट अशी बेवारस होऊन जगभर फिरली. ती इतकी पसरली याचं एक कारण तिच्यावर कुणाचाच धाक नव्हता हेही आहे, असं म्हणणारे आहेत, आणि मला ते पटतं. पण ती पाटी टाइपसेट करणाऱ्या माणसाची रात्रीची झोप कशी गेली असेल, याचाही विचार येतो.

बाकीचं जग तोवर बरंच पुढे गेलं होतं. लेखक-कलावंतांच्या हक्कांसाठी देशादेशांत झालेला १८८६ चा बर्न करार, आणि त्यात १९०८ साली बर्लिनमध्ये झालेली दुरुस्ती, यांनी सरळ सांगून टाकलं की हक्क मिळायला कुठलाही सोपस्कार नको. नोंदणी नको, शिक्का नको, सूचना नको. लिहिलंत की ते तुमचं. अमेरिकेला मात्र आपली सूचना सोडवेना. म्हणून १९५२ साली जिनिव्हामध्ये एक मधला मार्ग निघाला, सार्वत्रिक कॉपीराइट करार. वर्तुळातला सी, मालकाचं नाव, पहिल्या प्रकाशनाचं साल. हे तीन तुकडे छापलेत की करारातल्या कुठल्याही देशाचे सोपस्कार पुरे झाले असं मानायचं. तो वर्तुळातला सी मुळात १९०९ चा, तोही आधी फक्त चित्रं, शिल्पं, नकाशे यांच्यासाठी, जिथे अख्खा शब्द कोरायला जागा नसते तिथे. जिनिव्हाने त्याला जगाच्या प्रवासाला पाठवलं. अखेर १ मार्च १९८९ ला अमेरिकाही बर्न करारात आली आणि तिथेही सूचनेची सक्ती संपली. वेब जन्माला येत होतं ते त्याच सुमारास.

म्हणजे संकेतस्थळावर ही ओळ कायद्याने कधीच लागली नाही.

'सर्व हक्क राखीव'ची कथा तर आणखी मजेची. हे तीन शब्द १९१० च्या ब्युनोस आयर्स कराराची देणगी. अमेरिका खंडातल्या देशांनी आपापसात ठरवलं होतं की हक्क राखल्याचं विधान कामावर दिसलं पाहिजे. पुढे त्या करारातला एकेक देश बर्न करारातही जात गेला. २००० साली शेवटचा देशही गेला आणि त्या शब्दांचं कायद्यातलं काम संपलं. शब्दांना मात्र कुणी कळवलं नाही. ते अजून कामावर आहेत. आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत ज्याचं संकेतस्थळ असेल त्याच्या तळाशी ते रोज हजेरी लावतात.

मग ती ओळ लिहूच नये का? इतकंही सोपं नाही. पकडला गेलेला माणूस पहिलं वाक्य कुठलं बोलतो, तर 'मला माहीतच नव्हतं'. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही त्याला थोडी जागा आहे. या कामावर कुणाचा हक्क असेल असं समजायला काहीही कारण नव्हतं, हे त्याने सिद्ध केलं तर नुकसानभरपाईतून तो सुटू शकतो. मनाई हुकूम आणि कमावलेला नफा एवढ्यावरच भागतं. अमेरिकी कायदा तर स्पष्टच म्हणतो की प्रतीवर नीट सूचना असेल तर अजाणतेपणाची ही सबब भरपाई कमी करायला चालणार नाही. शिवाय कामावर लेखक म्हणून ज्याचं नाव आहे तोच लेखक, असं न्यायालय आधी धरून चालतं. उलटं सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर. तेव्हा ओळ हक्क देत नाही, पण भांडण झालंच तर ते कुठून सुरू होणार हे ठरवते. हे काही कमी नव्हे. फक्त या सगळ्यात उपयोगाला येतं ते नाव, आणि नेमकं तेच पुष्कळ ठिकाणी नसतं.

कुठलंही संकेतस्थळ उघडून तळाशी बघा. वर्तुळातला सी असतो, यंदाचं साल असतं, 'सर्व हक्क राखीव' असतं. कोणाचे? तर संकेतस्थळाचं स्वतःचंच नाव. कधी तेही नसतं. साच्यात जिथे मालकाचं नाव भरायचं ती जागा तशीच मोकळी राहून गेलेली असते आणि 'तुमचं नाव इथे' सर्व हक्क राखून बसलेलं असतं. अशी पाटी हात लावू नका म्हणते, पण विचारायचं कुणाला ते सांगत नाही. मला तिचा राग येतो तो एवढ्यासाठी. घ्यायचंय त्याचं काही अडत नाही, तो घेऊन मोकळा होतो. अडतं ते विचारून घेणाऱ्याचं.

मित्राच्या पानावर नाव होतं, पत्ताही होता, पण तो ईमेल आता कोण उघडणार? शेवटी ओळखीतून त्याच्या मुलीचा पत्ता मिळवला आणि तिला लिहिलं. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. "काका, बाबांचं पान अजून चालू आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. कार्डातून दरवर्षी काहीतरी रक्कम जाते, ती याचीच असणार." परिच्छेद घ्या म्हणाली, फोटो घ्या म्हणाली, आणि खाली विचारलं, "परवानगी मी द्यायची असते का?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. लेखक गेल्यावर हक्क वारसांकडे जातात आणि आपल्याकडे ते त्यापुढे ६० वर्षं टिकतात, बऱ्याच देशांत ७०. घड्याळात मी थट्टेने टाकलेलं २०८७ तितकंसं थट्टेचं नव्हतं. घर, दागिने, बँकेतले पैसे यांची वाटणी होते, त्यांच्यासाठी माणसं वर्षानुवर्षं बोलेनाशी होतात. आणि बुरशीवरचा परिच्छेद कुणाच्या वाट्याला आला हे कुणी विचारतही नाही. तिला मी हो म्हटलं, परवानगी तूच द्यायचीस. त्यावर तिने लगेच उत्तर पाठवलं, त्यात बाबांच्या भाषेचं तेच दटावणं होतं: "मग फोटो नीट छापा."

आता माझी स्वतःची दुखरी जागा. माझा एक लेख एकदा मलाच व्हॉट्सॲपवर येऊन पोचला. शब्द न् शब्द माझा, स्वल्पविरामसुद्धा. फक्त शेवटची ओळ, जिच्यात माझं नाव होतं, ती नव्हती. तिच्या जागी दोन हात जोडलेली चित्रं आणि 'लेखक अज्ञात, आवडलं म्हणून पुढे पाठवत आहे'. पाठवणाऱ्या नातेवाइकांनी वर लिहिलं होतं, "वाच, तू पण असं काहीतरी लिहीत जा." मला नक्की काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. लेख इतक्या लोकांनी वाचला याचा आनंद होता, आणि तो आनंद आतून कुणीतरी कुरतडत होतं. नक्कल केल्याचं फारसं काही वाटलं नाही. खुपलं ते कापणं. सगळा मजकूर निवडताना कुणाचं तरी बोट स्क्रीनवर खाली सरकत गेलं असणार, माझ्या नावाच्या जरा वर थांबलं असणार, आणि मग कॉपी. तो क्षण अजाणतेपणाचा नसतो. ज्याने नाव गाळलं त्याने ते वाचलेलं असतं.

कायद्यालाही हे वेगळं कळतं, हे बऱ्याच उशिरा समजलं. १९९६ च्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या करारात हक्कांविषयीची माहिती कामावरून मुद्दाम काढून टाकणं याला स्वतंत्र कलम आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते आपल्या कायद्यातही आलं. म्हणजे चोरी एक, आणि नाव पुसणं हा निराळा गुन्हा. माझ्या मते दुसरा जास्त जुना आहे. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात, आजच्या इराकमधल्या निनेव्हच्या असुरबनिपाल राजाने मातीच्या पाट्यांचं ग्रंथालय उभं केलं. त्यातल्या पाट्यांच्या शेवटी शाप आहेत: जो ही पाटी नेईल, किंवा माझ्या नावाच्या जागी आपलं नाव लिहील, त्याचं नाव आणि वंश देव पृथ्वीवरून पुसून टाकोत. नावाला नाव, असा रोखठोक हिशेब. आपल्या पोथ्यांच्या शेवटी लिहिणारे असा शाप देत नसत, विनवणी करत: तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप, मूर्खाच्या हाती देऊ नकोस. मान-पाठ मोडून लिहिलंय, सांभाळ. तिथे नक्कल करू नकोस असं कुठेच नाही. नक्कल झाली नसती तर पोथी उरलीच नसती. राजाला नावाची काळजी होती आणि लेखनिकाला पाठीची. संकेतस्थळाच्या तळाशी ओळ लिहिणाऱ्यांत मला हे दोघेही दिसतात. बहुतेकांच्या मनात लेखनिक असतो आणि हातून मात्र राजाची भाषा उतरते.

शापावरची आपली श्रद्धाही काही कमी झालेली नाही. २०१२ साली फेसबुकवर एक जाहीरनामा फिरला होता. माझ्या फोटोंवर, लिखाणावर, चित्रांवर माझाच हक्क आहे असं मी याद्वारे घोषित करतो, अमुक कराराच्या आधारे. बर्न कराराचं नावही त्यात चुकीचं होतं, 'बर्नर' म्हणून. अधूनमधून तो नवे कपडे घालून परत येतो. भलीभली शिकलेली माणसं आपल्या भिंतीवर तो चिकटवतात, आणि चिकटवताना दुसऱ्याचा मजकूर नाव न देता जसाच्या तसा उचललेला असतो, याचं कुणालाच काही वाटत नाही. खातं उघडताना ज्या अटींना आपण न वाचता हो म्हटलं, त्या अशा घोषणेने बदलत नाहीत. त्याच जातीचा दुसरा उपाय म्हणजे माऊसचं उजवं बटण बंद करणं. वाचकाला एखादा शब्द निवडून त्याचा अर्थही बघता येत नाही, आणि ज्याला मजकूर उचलायचाय तो स्क्रीनशॉट घेऊन केव्हाच पसार झालेला असतो.

याच्या अगदी उलट टोकाची माणसं २००१ मध्ये एकत्र आली आणि क्रिएटिव्ह कॉमन्स सुरू झालं. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात त्यांचे पहिले परवाने निघाले. 'सर्व हक्क' ऐवजी 'काही हक्क राखीव'. नाव द्या आणि घ्या. हवं तर धंदा करू नका, हवं तर बदलू नका, हवं तर तुमचं कामही असंच मोकळं ठेवा. मला यातली सोय मनापासून आवडते, कारण इथे ओळ पहिल्यांदाच वाचकाशी बोलते. काय करू नका यापेक्षा काय करता येईल ते सांगते. तरी माझ्या लिखाणाला मी यातला सगळ्यात मोकळा परवाना लावला नाही. माझं वाक्य कुणीतरी सुधारून टाकेल या कल्पनेनेच पोटात गोळा येतो. औदार्याची माझी मर्यादा तिथे आहे, आणि ती मला माहीत आहे.

आता वाचक म्हणून माणूसच येईल याचीही खात्री राहिलेली नाही. पानं गोळा करणारे प्रोग्रॅम येतात, आणि त्यांच्यातले पुष्कळ जण मुख्य मजकूर वेगळा काढताना वरचा मेन्यू, बाजूच्या पट्ट्या आणि तळाचा भाग कचरा म्हणून आधी फेकून देतात. म्हणजे आपली ती करडी ओळ सगळ्यांत आधी जाते. यंत्रांसाठी वेगळी पाटी आहे, रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची एक साधी फाइल, १९९४ पासूनची. अमुक दारातून येऊ नका असं तिच्यात लिहायचं. ऐकणं न ऐकणं येणाऱ्याच्या सभ्यतेवर. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने तर असं ठरवलं की यंत्राने मजकूर खणून काढायला हरकत नाही, पण हक्कदाराने ते स्पष्ट राखून ठेवलं नसेल तरच, आणि ऑनलाइन मजकुरासाठी तेही यंत्राला वाचता येईल अशा रीतीने. एका शतकापूर्वी बर्लिनमध्ये सुटका झाली होती, 'बोलायची गरज नाही, हक्क आहेच' म्हणून. आता पुन्हा बोलावं लागणार. यंत्राच्या भाषेत, आणि न बोललो तर संमती धरली जाणार. पाटीवरची ओळ राहून गेलेला तो १९६८ चा माणूस मला अशा वेळी फार जवळचा वाटतो.

या सगळ्यानंतर स्वतःच्या पानाचा तळ बदलायला घेतला. आकडा हलणारी स्क्रिप्ट काढून टाकली आणि प्रत्येक लेखाखाली तो पहिल्यांदा कधी टाकला ते साल लिहिलं. काही लेख किती जुने आहेत हे तेव्हा कळलं, आणि ते तितके जुने वाटत नाहीत असं मी स्वतःला सांगितलं. 'सर्व हक्क राखीव' काढताना जरा जड गेलं. रुबाब असतो त्या शब्दांना. त्या जागी लिहिलं: हे मी लिहिलंय. दुवा द्यायला किंवा एखादा परिच्छेद नावासकट उद्धृत करायला विचारू नका. अख्खा लेख हवा असेल तर या पत्त्यावर लिहा, मी नसलो तर या दुसऱ्या पत्त्यावर. दुसरा पत्ता माझ्या भाचीचा. तिने आधी कुरकुर केली, "मामा, हे काय भलतंच," मग स्पेलिंग तपासून दिलं.

पत्रं येतात. थोडी, पण येतात. मध्यंतरी एका शिक्षिकेचं आलं. माझा एक उतारा प्रश्नपत्रिकेत घालायचा होता. परीक्षेच्या प्रश्नासाठी खरं तर परवानगी लागत नाही, आपल्या कायद्यात तशी सूट आहे, आणि हे मी त्यांना कळवलंही. त्यांनी तरी विचारलं होतं, आणि मी खूश होऊन जरूर घ्या म्हटलं. मग त्यांचं दुसरं पत्र आलं: उताऱ्यातलं शेवटचं वाक्य मुलांना जड जाईल, ते गाळलं तर चालेल का? मी कळवलं, नाही चालणार. त्यांनी कळवलं, मग निदान त्यातला अर्धविराम तरी काढू द्या. त्यावर आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे.